बाईंना काय ऐकू आलं

जाधवबाईंच्या घराला रंग लावायचं काम चालू होतं. बाहेरच्या खोलीतलं सगळं सामान पडवीत काढून ठेवलेलं, त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ती भिंत अख्खी दिसली. दाराच्या डाव्या हाताला, छातीइतक्या उंचीवर, एक फिकट निळा चौकोन राहिला होता. बाकीची भिंत पिवळट पडलेली आणि तेवढाच तुकडा जुन्या रंगाचा, ताजा. त्याच्याखाली खिळ्यांची दोन भोकं. रंगारी ब्रश घेऊन नेमका तिकडेच निघाला होता.

"भाऊ, तेवढं शेवटी घ्याल?" मी म्हटलं.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा चौकोनाकडे पाहिलं आणि काही न विचारता दुसऱ्या भिंतीकडे वळला. समुद्रकाठच्या या मांडवीतल्या माणसांना माझ्यासारख्या पुण्याहून आलेल्यांच्या वागण्याचं कारण विचारायची सवय नाही. माझ्याबरोबर आलेले बाबा मात्र थांबले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा त्या चौकोनासमोर असे उभे राहिले, की आता हात जोडतात की काय असं मला वाटलं.

तिथे एक फळी होती. फळीवर फोन होता. फोनवर बाईंनी स्वतः विणलेलं पांढरं झाकण होतं. आमच्या आळीतला पहिला फोन.

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मला चौथीला त्याच होत्या, आणि माझ्याआधी दादालाही. अठ्ठ्याण्णव साली त्या निवृत्त झाल्या आणि कधीकाळी अर्ज करून ठेवलेला फोन नेमका त्याच उन्हाळ्यात आला. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना शाल आणि नारळ दिला. बाईंनी स्वतः मागून आणखी एक गोष्ट घेतली, ती म्हणजे खेळाच्या तासाची शिट्टी. तीस वर्षं गळ्यात होती, तिच्याशिवाय मान हलकी वाटेल, असं त्या म्हणाल्या.

फोन आला आणि शिट्टीला काम मिळालं. कारण तो फोन बाईंच्या घरात असला तरी आळीतल्या प्रत्येकाने आपापल्या नातेवाइकांना तोच नंबर कळवून टाकला होता. फोन वाजला की बाई उचलत, कोणासाठी आहे ते विचारत, रिसीव्हर फळीवर आडवा ठेवून पडवीत येत आणि शिट्टी मारत. एक लांब शिट्टी म्हणजे आम्ही साळवी. दोन म्हणजे शेजारचे मयेकरकाका. तीन म्हणजे खाली पुळणीकडची, किनाऱ्यावरच्या वाळूजवळची, दोन्ही घरं. त्यातलं कोणतं, ते त्यांनी धावत आल्यावर ठरवायचं.

या व्यवस्थेत एकच दोष होता, बाईंचा कुकर. त्यांच्या डाळीला तीन शिट्ट्या लागत. पहिलीला आमची आई पदराला हात पुसत निघायची. दुसरीला मयेकरकाका बनियन चढवत निघायचे. तिसरीला खालची माणसं वर यायची. सगळे पडवीत जमले की कळायचं, डाळ शिजली. बाई कोणाला हसत नसत. "आलाच आहात तर बसा," म्हणायच्या आणि चहा टाकायच्या. पुढे पुढे मयेकरकाका कुकरची शिट्टी ओळखायला शिकले, पण येत तरीही राहिले.

त्या पडवीचा वास मला अजून नाकात धरून ठेवता येतो. उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कोकमांचा आंबट वास, चिऱ्याच्या भिंतीला पावसात येणारा ओलसर मातकट वास, वाऱ्याची दिशा बदलली की सुक्या मासळीचा. आणि आवाज. पहाटे दूरची बांग व्हायची, मग बाईंची हळू आवाजातली बुद्धवंदना सुरू व्हायची, आणि ती संपता संपता आमचे बाबा मोरीत खाकरायचे. या तिन्हींचा क्रम कधी चुकला नाही. चौथा आवाज समुद्राचा, पण तो आम्हाला ऐकू येत नसे. पुण्याहून आलेले पाहुणे "काय छान गाज आहे हो" असं म्हणायचे, तेव्हा आम्ही थांबून कान द्यायचो. अरे हो, आहे.

याच गोष्टीवर बाईंचा चौथीत एक तास असायचा. वेळापत्रकात तो नव्हता, पण शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं बाई डोळे मिटायला लावत आणि काय काय ऐकू आलं ते विचारत. कोणी कावळा सांगायचं, कोणी होडीचं इंजिन. एकदा एकाने "बाई, माझ्या पोटात कोणीतरी चालतंय" असं सांगितलं, तर बाईंनी त्याला पोटात काय घालून आलास ते विचारलं. तो काहीच घालून आला नव्हता. त्या शुक्रवारपासून बाईंच्या टेबलाच्या खणात बिस्किटं असत. तेव्हा मला वाटायचं, हा तास म्हणजे बाईंची विश्रांती. बाईंच्या विश्रांतीत मुलं कामाला लागायची एवढं खरं.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये दादा, म्हणजे शिरीष, मुंबईकडे एका कंपनीत स्टोअरच्या कामाला लागला. दर रविवारी सकाळी दहा वाजता त्याचा फोन यायचा. साडेनऊपासूनच आम्ही बाईंच्या पडवीत. बाबा इस्त्रीचा शर्ट घालत. फोनवर शर्ट दिसत नाही असं मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "आवाजात फरक पडतो."

बाबांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि कचेरीत अतिशय हळू बोलत. पण फोनबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता. तार लांब असते, आवाज वाटेत दमतो. म्हणून लांजाला मावशीशी बोलायचं तर साधारण आवाज. पुण्याला बोलायचं तर मानेच्या शिरा दिसेपर्यंत. आणि मुंबईला बोलताना एक पाय मागे घेऊन, पोटातून. त्यात त्यांना फोनवर मध्ये जागा सोडण्याची भीती वाटायची. बोलणं थांबलं की लाइन जाते, असा त्यांचा पक्का समज. त्यामुळे ते प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देऊन टाकत.

"हॅलो! मी बाबा! इकडे सगळं ठीक! पाऊस आहे! तू बरा ना? बराच असशील! जेवण वेळेवर ना? घेतच असशील! साहेब चांगले ना? चांगलेच असणार! आईला देतो!"

दादाने या सगळ्यात काय म्हटलं ते कोणालाच माहीत नसे. बाबा काय म्हणाले ते मात्र पुळणीपर्यंत माहीत असे. माझा नववीचा निकाल बाबांनी दादाला कळवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी मासेवाली मावशी टोपली उतरवता उतरवता मला म्हणाली, "गणितात जरा कमी पडले काय गो?"

मग रिसीव्हर आईकडे जायचा. आई बाबांच्या अगदी उलट. ती फोनवर फक्त "हं" म्हणायची. पण त्या एका अक्षरात तिची सगळी बाराखडी होती. एक हं म्हणजे कळलं. एक हं म्हणजे मला खरं वाटत नाही. शेवट वर उचललेला हं म्हणजे पुढे सांग. आणि नाकातून निघणारा एक खोल हं होता, त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आता माझी मुलगी फोन ठेवते म्हणते, तेव्हा तोच माझ्या नाकातून निघतो.

बाई फोनवर कशा ऐकायच्या, ते मी पडवीच्या पायरीवरून रोज बघायची. फोन वाजला की आधी हातातली विळी बाजूला. मग रेडिओ बंद. मग चष्मा काढून ठेवायचा. चष्मा कशाला काढता असं विचारलं तर म्हणाल्या, "डोळे कामाला असले की कान आळशी होतात." मग डोळे मिटून रिसीव्हर कानाला. समोरचं माणूस बोलता बोलता थांबलं, तर बाईही थांबायच्या. घाईने दुसरं काही विचारायच्या नाहीत. माणूस गप्प झाल्याची त्यांना अडचण वाटत नसे. मयेकरकाकांची चिपळूणची मुलगी काकांशी दोन मिनिटं बोलायची आणि शिट्टी वाजून काका येईपर्यंत बाईंशी पाच. काका याबद्दल तक्रार करायचे, पण सावकाशच चालत यायचे.

नव्याण्णवच्या गणपतीला दादा आला नाही.

कोकणातला मुलगा गणपतीला येत नाही, म्हणजे त्याला रजा मिळाली नाही एवढंच आम्ही धरून चाललो. तसं त्याने फोनवर सांगितलं होतं, आणि बाबा पोटातून ओरडले होते, "कामाला महत्त्व दे! गणपती पुढल्या वर्षीही आहे!" सगळ्या आळीने ऐकलं. पण घरी आल्यावर बाबांनी मखराला लावायची रंगीत पट्टी तीनदा उलटी लावली. दरवर्षी शिडीवर दादा असायचा आणि खाली उभं राहून चुका काढायचं काम बाबांचं. त्या वर्षी बाबाच शिडीवर होते आणि खाली चुका काढायला कोणी नव्हतं. आई मोदकांच्या कळ्या पाडत होती आणि एकामागून एक तो खोल हं तिच्या नाकातून निघत होता.

नवरात्राच्या आधीचा रविवार. फोन झाला, बाबांनी हवामान सांगितलं, आईने हं म्हटलं, रिसीव्हर ठेवला. आम्ही उठणार, तर बाई म्हणाल्या, "साळवी, बसा जरा."

बाबा बसले. बाईंसमोर ते थोडे विद्यार्थ्यासारखे बसत, हात मांडीवर.

"शिरीषचं काही ठीक नाही," बाई म्हणाल्या.

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. ऐकू येतं ना."

"आत्ताच बोललो मी त्याच्याशी. बराय म्हणाला."

"तो म्हणाला का तुम्ही म्हणालात?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने हं म्हटलं. कोणता, ते आम्हा सगळ्यांना कळलं.

"मग विचारतो पुढच्या रविवारी. सरळच विचारतो," बाबा म्हणाले.

"नको," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी तुम्ही काही विचारायचं नाही. बोल म्हणायचं आणि गप्प राहायचं. एक मिनिट."

"एक अख्खं मिनिट? लाइन जाईल बाई."

"नाही जात."

"आणि तो पण गप्प राहिला तर?"

"राहू दे. त्याला माहीत पाहिजे, की बाबा तिथे आहेत आणि बोलत नाहीयेत."

बाबांना हे अवघड जाणार हे बाईंनाही माहीत असावं, कारण शनिवारी संध्याकाळी त्यांनी सराव ठेवला. पडवीत बाबांना खुर्चीवर बसवलं. समोर आईला बसवलं. बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. नियम असा, की एक मिनिट आई बोलणार आणि बाबा फक्त ऐकणार. काय बोलायचं ते आईने ठरवायचं. मी पायरीवर. मयेकरकाका मधल्या दगडी गडग्यावर, कारण कुकरची शिट्टी झाली म्हणून ते आले होते, असं त्यांचं म्हणणं. त्या संध्याकाळी बाईंकडे कुकर लागलेलाच नव्हता.

"करा सुरू," बाई म्हणाल्या.

आई आधी नुसती बसली. दहाएक सेकंदं गेली. मला वाटलं हंच म्हणते की काय. मग ती जमिनीकडे बघत, भाजी निवडताना बोलावं तशी, शांतपणे म्हणाली, "मला फणसाची भाजी आवडत नाही."

बाबांनी तोंड उघडलं. बाईंनी एक बोट वर केलं. बाबांनी तोंड मिटलं.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही हातखंब्याहून खांद्यावरून फणस घेऊन आलात. एवढा आणलाय तर छान झाली म्हटलं. मग दर वर्षी आणायला लागलात. बावीस वर्षं मी फणस सोलतेय. हाताचा चीक चार दिवस जात नाही."

बाबांनी मांडीवरचा हात उचलला आणि परत ठेवला.

"लांजाला ताईकडे मला चार दिवस राहायचं असतं. तुम्ही दर वेळी संध्याकाळच्या गाडीने परत आणता. तिच्याशी माझं बोलणं अर्धवट राहतं. चार वर्षांपूर्वीचं एक बोलणं अजून अर्धवट आहे."

गडग्यावर मयेकरकाका खाली बघायला लागले.

"आणि शिरीषला मुंबईला जायचंच नव्हतं. तुम्ही तुमच्या कचेरीतल्या साहेबांना शब्द दिला होता म्हणून तो गेला. जायच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाला होता. मी म्हटलं बाबांना सांग. तो म्हणाला, कधी सांगू?"

"मग मला तेव्हाच—"

"अजून वीस सेकंदं आहेत, साळवी," बाई म्हणाल्या.

ती वीस सेकंदं आई काहीच बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत. आणि त्या वेळी, मांडवीत जन्म काढूनही, मला समुद्र ऐकू आला. बाईंनी वेळ झाली म्हणून सांगितलं तरी कोणी उठलं नाही. शेवटी मयेकरकाकाच गडग्यावरून उतरले आणि "मी आमच्या हिला विचारून येतो, तिला काय काय आवडत नाही," असं म्हणून निघून गेले.

रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला नाही.

दहा वाजता फोन वाजला. बाईंनी उचलला, डोळे मिटून दोन-चार वाक्यं बोलल्या आणि शिट्टी न मारता रिसीव्हर बाबांच्या हातात दिला. आम्ही समोरच होतो. बाबा पाय मागे घेऊन उभे राहिले, सवयीने. मग आठवण होऊन तो पाय पुढे आणला.

"हॅलो," बाबा म्हणाले. "बोल."

आणि थांबले.

गप्प राहायला माणसाला इतकी ताकद लागते हे मी त्या दिवशी बघितलं. बाबांनी फळीची कड धरली होती. कपाळावर घाम आला होता. ओठ आतल्या आत हलत होते. पाऊस, हवामान, जेवण, साहेब, सगळं ओठांपर्यंत येऊन परत जात होतं. रिसीव्हरमधून दादाचा बारीक आवाज आला, "हॅलो? बाबा? लाइन गेली काय?"

"आहे," बाबा म्हणाले.

पुन्हा शांतता. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, घड्याळाकडे बघत नव्हत्या. आईने माझा हात धरला होता. "बाबा?" दादा पुन्हा म्हणाला, आणि त्यानंतर काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही. फक्त बाबांचा चेहरा दिसत होता. तो आधी ताणलेला होता, मग गोंधळलेला, आणि मग हळूहळू, एखादं ओझं कोणीतरी खाली उतरवायला मदत करावी तसा, सैल होत गेला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मधे फक्त एकदा "हं" म्हणाले. आईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते अक्षर आमच्या घरात तिचं होतं.

शेवटी बाबा काहीतरी बोलले. इतकं हळू, की दोन हातांवर उभी असलेली मीही ते ऐकू शकले नाही. मग त्यांनी रिसीव्हर आईला न देता खाली ठेवला, झाकण नीट केलं आणि पडवीत येऊन खुर्चीवर बसले.

"येतोय," ते म्हणाले.

गडग्यापलीकडून मयेकरकाकांचा आवाज आला. "साळवी, आज काही ऐकायला आलं नाही हो. फोन बिघडलाय काय?"

मंगळवारी पहाटेच्या गाडीने दादा आला. एक बॅग, एक पिशवी. वाळला होता. कंपनीने ऑगस्टमध्येच त्याच्यासह बऱ्याच जणांना कमी केलं होतं. घरी कसं सांगावं ते न कळून तो एका खानावळीत वाढपी म्हणून राहिला होता, पुढे भटारखान्यात हाताखाली. रविवारी सकाळी मालकाच्या परवानगीने तो तिथूनच फोन करायचा. बाबांनी त्याला एक शब्द विचारला नाही. न्हाणीत गरम पाणी काढून दिलं आणि दारातच उभे राहिले, टॉवेल घेऊन. आतून दादा म्हणाला, "बाबा, तुम्ही बोलत का नाही? मला भीती वाटते."

"सराव चाललाय," बाबा म्हणाले.

दादा परत मुंबईला गेला नाही. खानावळीत शिकलेल्या हाताने महिनाभर आम्हाला खाऊ घातलं. आईला कितीतरी वर्षांनी बसून गरम जेवण मिळालं, त्याचा तिला इतका संकोच वाटायचा की ती मधेच उठून मीठ आणायची, ताटात मीठ असताना. पुढच्या वर्षी त्याने हातखंब्याला हायवेवर एका मित्राबरोबर चार टेबलांची खानावळ टाकली. आता बारा टेबलं आहेत, मागे राहायला घर आहे, आणि आई-बाबा तिथेच असतात. फणस घरात येतो, पण गरे खायला. भाजीचं नाव कोणी काढत नाही. आई लांजाला गेली की आठ दिवस राहते, आणि चार वर्षांचं अर्धवट राहिलेलं बोलणं पूर्ण करून आली, तेव्हा ते काय होतं ते तिने आम्हाला सांगितलं नाही.

आणि बाईंची कीर्ती झाली. ती बाबांनी केली.

दादा खानावळीतून फोन करत होता हे कळल्यावर बाबा मांडीवर हात मारून म्हणाले होते, "म्हणजे बाईंना फोनमधून भांड्यांचा आवाज आला!" बाई तेव्हा काहीतरी बोलणार होत्या, पण चहा उतू गेला आणि त्या आत गेल्या. मग बाबांनी ते कचेरीत सांगितलं. मग बाजारात सांगितलं. सुरुवातीला नुसती भांडी होती. नंतर ती स्टीलची ताटं झाली. पुढे बाईंनी ताटांच्या आवाजावरून पितळ आणि स्टील वेगळं केलं. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगताना बाईंनी ताटं मोजली होती, अठरा. दोन हजार पाचच्या सुमारास, आळीत घरोघरी फोन होऊन बाईंची शिट्टी खुंटीला लागली तेव्हा, ताटं पंचवीस झाली होती आणि मागे कोणीतरी झाडू मारत होतं.

आज मी आतल्या खोलीत बाईंजवळ बसले होते. बाई आता शहाऐंशीच्या आहेत. उजव्या कानाने येत नाही, म्हणून त्या माणसाला डाव्या बाजूला बसवतात आणि अजूनही चष्मा काढून ठेवतात. सून कामावर गेली होती, चहा मीच केला. बाहेर बाबा रंगाऱ्याला तो निळा चौकोन दाखवत होते. त्यांचा आवाज भिंतीतून येत होता, रंगारी दोन हातांवर असला तरी मुंबईला असल्यासारखा.

"बाई," मी विचारलं, "खरंच भांड्यांचा आवाज आला होता तुम्हाला?"

बाईंनी कप खाली ठेवला.

"छे गो. त्या फोनला एवढी खरखर होती. मला शिरीषच निम्मा ऐकायला यायचा."

"मग?"

"तुम्ही पडवीतून आत येईपर्यंत मिनिटभर माझ्याशी बोलायचा ना तो. सुरुवातीला नुसतं बाई कशा आहात. मग त्या ऑगस्टपासून विचारायला लागला, बाई, आज जेवायला काय केलंय? मी सांगायची. बांगड्याचं कालवण, भात. तर म्हणायचा, कढी केलीत काय? कोकम कुठलं, यंदाचं? सकाळी दहा वाजता. जो मुलगा घरात असताना पुस्तकात डोकं घालून जेवायचा, ताटात काय आहे ते ज्याला कधी दिसलं नाही, तो माझ्या कढीतलं कोकम विचारतोय. एका रविवारी मी मुद्दाम म्हटलं, आज काही नाही रे, नुसती पेज. तर म्हणाला, पेजेबरोबर काय?"

बाई थोडा वेळ थांबल्या. मीही थांबले.

"त्याला घरी यायचं होतं," त्या म्हणाल्या. "त्यात ऐकण्यासारखं काय होतं? सरळ सांगत होता तो."

"मग एवढी वर्षं तुम्ही बाबांना बोलला नाहीत?"

"बोलणार होते. चार-पाच वेळा सुरुवात केली. पण ते सांगत होते ना."

बाहेर बाबांचा आवाज चढला. बाईंनी ताटं मोजून झाल्यावर एकोणचाळिसावं ताट जरा चेपलेलं आहे, हेही आवाजावरून ओळखलं होतं. रंगाऱ्याचा ब्रश थांबलेला असावा, कारण दुसरा काही आवाज येत नव्हता. मी उठायला लागले, बाबांना थांबवावं म्हणून. बाईंनी माझ्या मनगटाला धरून मला खाली बसवलं, डावा कान दाराकडे केला आणि डोळे मिटले.

"असू दे गो," त्या म्हणाल्या. "छान सांगतात. आता मलासुद्धा ऐकू येतात ती ताटं."